शिकारीतून पुढे आलेले रघुजीराजे भोसले आणि पाठीवर नाव असलेली तलवार

अमेरिकेत जुने शिकारी चाकू जमवणारे लोक हातात चाकू आला की धार बघत नाहीत. ते आधी मुठीजवळचा शिक्का बघतात. मार्बल्सच्या जुन्या चाकूवर ग्लॅडस्टन, मिशिगन असं गावाचं नाव सापडतं. केस कंपनीच्या १९७० नंतरच्या खिशातल्या चाकूंवर ठिपके मोजून साल काढता येतं.

आपल्या नागपूरच्या एका पात्याची ओळखही अशीच पटली.

२९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावात एक तलवार आली. पातं सरळ, एकाच बाजूला धार आणि घडवलेलं युरोपात. अशा तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणायचे. नुसतं पातं बघितलं तर ती कुणाचीही असू शकली असती. पण पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरात नाव होतं, रघुजी भोसल्यांचं. सोबत सेनासाहेबसुभा हा किताबही.

आता हे रघुजी कोण?

वऱ्हाडाचा कारभार त्यांचे काका कान्होजी भोसल्यांकडे होता. रघुजी त्यांच्याकडेच वाढले. पुढे काका-पुतण्याचं बिनसलं आणि रघुजी बाहेर पडले. फिरत फिरत साताऱ्याला शाहू महाराजांकडे आले.

महाराजांना शिकारीचा भारी नाद, आणि रघुजी शिकारीत तरबेज. ग्रँट डफने लिहून ठेवलंय की या कसबावरच महाराजांची त्यांच्यावर मर्जी बसली. शिर्के घराण्यातल्या आपल्या राणीच्या बहिणीशी महाराजांनी त्यांचं लग्नही लावून दिलं. रानात घोडा फेकणारा हा गडी राजाचा साडू झाला. पुढे कान्होजींचं साताऱ्याशी वाजलं, तेव्हा त्यांना धरायला रघुजींनाच पाठवलं गेलं. कान्होजी कैद झाले आणि सेनासाहेबसुभा हा किताब पुतण्याकडे आला.

मग रघुजी थांबलेच नाहीत. १७४० मध्ये ते कर्नाटकात उतरले. दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली, चंदासाहेब कैद झाला.

नागपूर त्यांना मिळालं ते मात्र दुसऱ्यांच्या घरातल्या भांडणातून. छिंदवाड्याच्या डोंगरातून कन्हान नदी खाली येते, त्याच मुलखात देवगडचं गोंड राज्य होतं. राजा चांद सुलतान १७३९ च्या सुमारास वारला आणि वारसाहक्काचा वाद पेटला. राणीनं रघुजींना मदतीला बोलावलं. ते आले, वाद मिटवला आणि मोबदला घेऊन गेले. पुढे दोन राजपुत्रांचं आपसात जमेना तेव्हा परत आले. १७४३ मध्ये बुऱ्हाण शाहला नावापुरता राजा ठेवून सगळा कारभार त्यांनी हातात घेतला.

बंगालची गोष्ट रक्तरंजित आहे. १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानानं बोलणी करायला म्हणून भास्करपंत कोल्हटकरांना छावणीत बोलावलं आणि सरदारांसकट कापून काढलं. रघुजींनी स्वाऱ्या चालूच ठेवल्या. १७५१ च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळाली. पण या स्वाऱ्यांत सामान्य बंगाली माणूस भरडला गेला. कलकत्त्यात इंग्रजांनी धास्तीनं खणलेल्या खंदकाचं नावच मराठा डिच पडलं. आपल्याकडे रघुजींचं कौतुक करताना हे पान सहसा उलटलं जातं.

१७५५ मध्ये रघुजी वारले. मागे जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी असे चार मुलगे. गादीसाठी जानोजी आणि मुधोजी यांच्यात जुंपली.

तलवारीच्या ओळखीत एक मेख आहे. नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तिघे होऊन गेले, आणि सेनासाहेबसुभा हा किताब दुसऱ्या रघुजींकडेही होता. त्यामुळे नुसत्या नावावर भागत नाही. पात्याची घडण, मुठीचा घाट, सोन्याचं काम हे सगळं मिळून काळ ठरवावा लागतो. लिलावात आणि शासनाकडेही ती पहिल्या रघुजींची म्हणूनच नोंदली गेली.

१८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांनी भोसल्यांना हरवलं. त्यानंतर चार वर्षांत त्यांनी कन्हानच्या काठावर कामठीची छावणी वसवली. तलवार याच धामधुमीत देशाबाहेर गेली असावी, असा शासनाचा अंदाज आहे. लिलावात महाराष्ट्र शासनानं ती ४७.१५ लाख रुपये मोजून घेतली. १८ ऑगस्ट २०२५ ला ती मुंबईत उतरली.