जात्यापाशी सापडलेला अर्थ

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे, गोदावरीच्या काठी, तेराव्या शतकात संत जनाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव दमा, आईचे करुंड. घर गरीब आणि त्या काळी शूद्र मानल्या गेलेल्या जातीतले. वडील विठ्ठलभक्त होते. त्यांनी लहानग्या जनीला पंढरपूरला दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवले. संत नामदेव याच घरातले. जनीचे पुढचे सारे आयुष्य तेथे दासी म्हणून गेले.

दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, गोवऱ्या थापणे, यातच दिवस सरायचा. दासी, त्यात बाई, त्यात खालची मानलेली जात. अशा जगण्याला काय अर्थ, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडलाही नसता. जनाबाईंना तो पडला. घाण्याचा बैलही दिवसभर फिरतो, पण आपण कशासाठी फिरतो, असे तो विचारत नाही. माणूस विचारतो. तेच त्याचे वेगळेपण.

उत्तर शोधायला जनाबाई काम टाकून रानात गेल्या नाहीत. त्यांच्या नावावर सुमारे ३५० अभंग आहेत. त्यांत विठ्ठल त्यांच्यासोबत दळतो, पाणी भरतो, वेणीही घालतो. त्या त्याच्यावर माया करतात, रागावून भांडतातही. बाईचा जन्म मिळाला म्हणून खंत करू नये, असेही त्यांनी सांगितले.

त्यांच्या सुमारे ५०० वर्षे आधी इराकमधील बसरा शहरात हजरत राबिया बसरी होऊन गेल्या. त्या लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेल्या, असे परंपरा सांगते. दिवसभर मालकाचे काम आणि रात्री इबादत. तीही जन्नतच्या लोभाने किंवा दोजखच्या भीतीने नव्हे, केवळ प्रेमापोटी. धर्म, भाषा, मुलूख वेगळा, तरी दोघींची वाट एकच.

आदमच्या लेकरांना अल्लाहने मान दिला, असे कुरआन सांगते. तिथे जातीची वा धंद्याची अट नाही. रोजाही हेच शिकवतो. अन्न मिळाले नाही की जनावरही उपाशी राहते, पण समोर असूनही आपल्या मर्जीने थांबतो तो माणूसच.

१३५० साली जनाबाईंनी पंढरपुरात देह ठेवला, असे मानले जाते. पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला त्यांचे जाते आजही दाखवतात. दळणाच्या ओव्यांतून मराठवाड्यातल्या बायांनी जनीला आपली सखी म्हणून पिढ्यान् पिढ्या जपले.

सहेरीसाठी सगळ्यांच्या आधी उठून कुणीतरी चूल पेटवते. इफ्तारनंतर सगळे नमाजला गेले की कुणीतरी भांडी घासत बसते. जनाबाईंचे आयुष्य कळले असेल, तर त्या हातांना कमी लेखता येणार नाही. दस्तरखानावर त्यांची जागा आधी हवी.