रविवारची दाढी आणि खाली ठेवलेला वस्तरा

रविवारी सकाळी कोळगाव, पालघर किंवा बोईसरच्या कुठल्याही सलूनमध्ये जा, लवकर नंबर लागणारच नाही. एमआयडीसीतली मंडळी, कॉलेजची पोरं, सगळ्यांना दाढी-कटिंग आठवते ती रविवारीच. यावर आमच्या ग्रुपने उपाय शोधलाय. घडीचा जुना वस्तरा विकत घ्यायचा आणि घरीच दाढी करायची! पात्यावर शेफिल्ड किंवा झोलिंगेनचा शिक्का दिसला की पोरं खूश.

घ्या की. पण त्याआधी एका माणसाची गोष्ट वाचा. रविवारची ही गर्दी आणि हा वस्तरा, दोन्हींशी त्याचा संबंध आहे. नाव नारायण मेघाजी लोखंडे.

जन्म १८४८चा, ठाण्यातला. शाळाही तिथेच झाली. घरची गरिबी, त्यामुळे पुढे शिकता आलं नाही. आधी रेल्वेत, मग पोस्टात आणि नंतर मुंबईतल्या मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली. कामगारांचे हाल त्यांनी तिथेच पाहिले. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, जेवायला धड सुट्टी नाही, पगाराची तारीख नक्की नाही. आठवड्याची हक्काची सुट्टी तर नाहीच.

लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजात होते. १८८० मध्ये त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र मुंबईतून चालवायला घेतलं आणि हे सगळं त्यात छापायला सुरुवात केली. १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्या लिहून काढल्या. सहा वर्षं पाठपुरावा केला. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण आज रविवारी निवांत खुर्चीत बसून मान मागे टाकतो, त्यामागे ही लढाई आहे.

त्याच १८९० सालात मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. तेव्हा ब्राह्मण आणि काही वरच्या जातींत नवरा वारला की बाईचं डोकं भादरायची रूढी होती. मुलगी कितीही लहान असो, केस काढलेच जायचे आणि ते काम नाभिकाकडे यायचं. फुले याविरुद्ध आधीपासून बोलत होते. लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतले शेकडो नाभिक एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं, यापुढे विधवेच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही.

वाचायला सोपं वाटतं. पण ज्याचं पोट धोकटीवर चालतं, त्याने हक्काचं गिऱ्हाईक सोडायचं आणि तेही गावातल्या वजनदार घरांचं! रूढी त्या दिवशी संपली नाही, पुढे बरीच वर्षं टिकली. तरी ज्यांच्या हातून ते घडत होतं त्यांनीच नाही म्हटलं, हे मोठंच.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा लोखंडे शांततेसाठी वस्त्यांतून फिरले. सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. पुढे प्लेग आला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचं त्याच आजारात निधन झालं. वय जेमतेम पन्नाशीच्या आत. २००५ मध्ये त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं.

जिलेटचा सेफ्टी रेझर १९०३ मध्ये विकायला आला, म्हणजे लोखंडे गेल्यावर सहा वर्षांनी. त्यांच्या काळात दाढी म्हणजे वस्तराच.

आता तुमच्या वस्तऱ्याबद्दल. धारेला खाच किंवा चीर असेल तर घेऊ नका. वरवरचा गंज निघतो, धारेपर्यंत खोल गेलेला निघत नाही. आधी दगडावर धार, मग दर वेळी चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवायचं, धार मागे ठेवून. दाढी करताना कातडी ताणून धरा, पातं साधारण तीस अंशांत ठेवा, दाबू नका. झालं की पुसून कोरडा करा. आणि मित्राला वापरायला देऊ नका, रक्तातून कावीळ पसरते.

शंभर वर्षांचा एखादा वस्तरा हाती लागला, तर तो कुणाकुणाच्या डोक्यावरून फिरलाय ते आपल्याला कळणार नाही. पण तो कधीतरी मुद्दाम खाली ठेवला गेला होता, एवढं लक्षात राहू द्या.