डोंगरउताराची माती आणि महात्मा फुले

रोवणीच्या दिवसांत दमदार पाऊस झाला की आपला नाला लाल होऊन वाहतो. तो रंग पाण्याचा नसतो, आपल्या शेतातल्या मातीचा असतो. सालेकसा, देवरीकडच्या उतारावर एक धुरा फुटला की खालच्या दोन-तीन बांध्यांत रेती-मुरूम येऊन बसतो आणि वरच्या बांधीची कसदार माती कायमची जाते. या दुखण्यावर एकशेचाळीस वर्षांपूर्वी मराठीत सविस्तर लिहिणारे गृहस्थ म्हणजे महात्मा जोतीराव फुले. मुलींची शाळा काढणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. मातीचा जाणकार म्हणून मात्र त्यांची ओळख फारशी करून दिली जात नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, पुढे पुण्यात स्थायिक झालेले. फुलांचा व्यवसाय म्हणून फुले हे आडनाव पडले. आई लहानपणीच वारली. मध्यंतरी शाळा सुटली व मुलगा वडिलांबरोबर मळ्यात राबू लागला. शेजारच्या जाणत्या मंडळींनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये तो पुन्हा शाळेत गेला. म्हणजे पुस्तकाआधी कुदळ त्यांच्या हाती आली होती.

१८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज, हे सर्वांना ठाऊक आहे. पोटासाठी त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. पुण्याजवळ मांजरीला त्यांची शेती होती. तेथे कालव्याच्या पाण्यावर त्यांनी बागाईत केली. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी छावणी चालविली. शेत मोडले की घर कसे मोडते, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यातील काही भाग त्यांनी बडोद्यास सयाजीराव गायकवाडांना स्वतः वाचून दाखविला. सावकार, सारा आणि अज्ञान यांबद्दल त्यात पुष्कळ आहे. पण कृषी सहायकाच्या नजरेने वाचले तर मातीचे प्रकरणच जास्त मोलाचे वाटते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पूर्वी डोंगरावरच्या झाडांचा पालापाचोळा आणि जनावरांचे मलमूत्र पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतात येई व जमिनीला आपोआप खत मिळे. पुढे जंगलखात्याने डोंगर व गायराने बंद केली. चारा तुटला, जनावरे घटली, शेणखत आटले. कुटुंबे वाढल्याने जमीन आलटून-पालटून पडीक ठेवून विसावा देणेही जमेना. अशा दमलेल्या जमिनीचा वरचा थर मग पाऊस धुऊन नेऊ लागला.

नुसते रडगाणे गाऊन ते थांबले नाहीत. शेतात मुरलेले पाणीच पुढे नाल्याला मिळावे अशा बेताने ताली व बंधारे घालावेत, दरसाल त्यांची दुरुस्ती करावी, हे काम रिकाम्या वेळी पलटणीच्या व पोलिसांच्या शिपायांकडून करून घ्यावे, असे त्यांनी सरकारला सुचविले. मोकळ्या हवेतल्या कामाने शिपायांची प्रकृतीही सुधारेल, असा त्यांचा हिशेब होता. डोंगर-दऱ्यांतून तलाव-तळी बांधावीत, म्हणजे उन्हाळ्यात ओढे वाहतील व विहिरींना पाणी राहील. नदी-नाल्यांतला व तलावांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांना परत करावीत. आज आपण पाणलोट विकास म्हणतो, त्याचा गाभा यात आलाच की!

१८८८ मध्ये ब्रिटिश राजपुत्राच्या मेजवानीला जोतीराव मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले. उपस्थित थाटामाटावरून देशाची परीक्षा करू नका, असे त्यांनी तेथे बजावले. त्याच वर्षी लोकांनी त्यांना महात्मा म्हटले आणि त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. मग त्यांनी डाव्या हाताने लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले.

फुल्यांनी पाहिली ती पुणे-साताऱ्याकडची जमीन. आपल्याकडे वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणून धोकाही मोठा. पण आपल्या वाडवडिलांनी मालगुजारी तलाव आणि बोड्या बांधून त्याच विचाराची सोय आधीच करून ठेवली आहे. त्यात गाळ साचला आहे. तो गाळ म्हणजे आपलीच वाहून गेलेली माती होय. २०१७ मध्ये राज्याने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, तेव्हा फुल्यांची जुनी मागणीच पुन्हा कागदावर आली.

तेव्हा उन्हाळ्यात प्रत्येकाने आपल्या धुऱ्यावरून एक चक्कर मारावी. फुटके धुरे पावसाआधी बांधावेत, जादा पाणी जाण्याच्या जागी दगड लावावेत, धुऱ्यावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीत गाडावा. नांगरट उताराला आडवी करावी. सरपंच व ग्रामसेवकांनी वरच्या टेकडीपासून खाली, या क्रमाने बांधबंदिस्तीची कामे आराखड्यात घ्यावीत. वरचे सोडून खालचे बांधले तर पहिल्या पुरात फुटते.

सरकारने करावे ते सरकारकडे मागायचेच, फुल्यांनीही ते ठणकावून मागितले. पण मंजुरी येईपर्यंत पाऊस थांबत नाही. आपल्या बांधीचा धुरा आपणच बांधायचा असतो.