नगरांचे वैद्य सर पॅट्रिक गेडिस

आमच्या विद्यार्थ्यांस आपल्या गावाचे वर्णन लिहावयास सांगितले, म्हणजे लोकसंख्या, नदी, देवळे, बाजारपेठ आणि एखादी प्रेक्षणीय इमारत इतक्यात ते बहुधा आटोपते. अमुक रस्ता वाकडा का, पेठ नदीपासून दूर का वसली, दोन आळ्यांच्या मध्ये ओसाड जागा का राहिली, हे प्रश्न त्यांस पडत नाहीत. आणि खरे सांगावयाचे तर आम्हां वडील माणसांसही ते क्वचितच पडतात. ज्या गृहस्थांस हे प्रश्न जन्मभर पडले, आणि त्यांच्या उत्तरांसाठी ज्यांनी आपल्या देशातील अनेक शहरे पायांखाली घातली, त्या पॅट्रिक गेडिस ह्यांचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहो.

गेडिस ह्यांचा जन्म ता. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडातील बॅलटर गावी झाला. त्यांचे वडील लष्करी पेशाचे होते. बालपण पर्थ शहराजवळ एका टेकडीच्या उतारावरील साध्याशा घरी गेले. वडिलांचे बोट धरून टेकडीवर चढावे आणि खाली पसरलेले शहर, नदी व शेते न्याहाळावी, हीच त्यांची पहिली शाळा. पुढे लंडनास प्रख्यात शास्त्रज्ञ हक्सले ह्यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. १८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिको देशी गेले असता त्यांची दृष्टी एकाएकी गेली व कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. तेथे खिडकीच्या काचांचे चौकोन बोटांनी चाचपता चाचपता विचारांची मांडणी चौकोनांत करण्याची युक्ती त्यांस सुचली, आणि पुढे कागदाच्या घड्या घालून विचार करण्याची सवय त्यांस आयुष्यभर राहिली. दृष्टी परत आली, परंतु सूक्ष्मदर्शक यंत्रावर तासन् तास काम करण्याची शक्ती डोळ्यांत उरली नाही. हे संकट ओढवले नसते, तर गेडिस वनस्पतींच्या पेशींतच गुंतून राहिले असते आणि शहरांकडे वळलेच नसते, असे आम्हांस वाटते.

एडिंबरो शहराची जुनी वस्ती त्या काळी अत्यंत दाट व गलिच्छ झाली होती. सुखवस्तू लोक ती सोडून नव्या भागात राहावयास गेले होते. १८८६ साली गेडिस ह्यांचा विवाह ॲना मॉर्टन ह्यांच्याशी झाला, आणि लवकरच ह्या जोडप्याने जुन्या वस्तीतल्या जेम्स कोर्ट नावाच्या चाळवजा इमारतीत बिऱ्हाड केले. लोकांस उपदेश करीत न बसता त्यांनी स्वतः झाडू व चुन्याचा कुंचला हाती घेतला. शेजारीही हळूहळू मदतीस आले. पडकी घरे दुरुस्त झाली, मोकळ्या जागी बागा झाल्या, आणि विद्यार्थ्यांनी स्वतःचा कारभार स्वतः पाहावा असे वसतिगृह १८८७ साली निघाले.

१८९२ साली किल्ल्याजवळचा एक उंच मनोरा गेडिस ह्यांनी आपल्या ताब्यात घेतला. त्याच्या माथ्यावर आरसा व भिंग बसविलेली अंधारी खोली आधीपासूनच होती; तीत पांढऱ्या मेजावर भोवतालच्या शहराचे हलते चित्र पडे. पाहुण्यास गेडिस प्रथम अगदी वर नेत. तेथे शहर डोळ्यांनी पाहावयाचे, मग एकेक मजला उतरत एडिंबरो, स्कॉटलंड, युरोप व अखेरीस सारे जग अशा क्रमाने नकाशे व चित्रे पाहावयाची. ती अंधारी खोली प्रवासी अजूनही पाहतात.

डंडी येथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक म्हणून ते १८८८ पासून ३० वर्षांहून अधिक काळ होते. तेथे त्यांस केवळ उन्हाळ्याच्या सत्रात शिकवावे लागे. बाकीचा वेळ शहरांस मिळाला. वनस्पतिशास्त्रज्ञाची दृष्टी त्यांनी शहरांवर रोखली, हेच त्यांचे वैशिष्ट्य होय. झाडाच्या खोडात जशी वर्षावर्षांची वलये, तसे शहराच्या रस्त्यांत व भिंतींत त्याचे वय उमटलेले असते. डोंगरावर खाणकरी, लाकूडतोड्या व धनगर, खाली शेतकरी, समुद्राकाठी कोळी, आणि ह्या सर्वांच्या देवघेवीतून मुखाशी वाढलेले नगर, असे नदीच्या खोऱ्याचे चित्र ते काढून दाखवीत. अर्थात, नगर समजून घ्यावयाचे तर आधी त्याचे खोरे समजून घ्यावे लागते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या नगरांच्या उत्क्रांतीवरील ग्रंथात त्यांनी हा विषय सविस्तर मांडला आहे.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड ह्यांच्या आमंत्रणावरून गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आले. त्यांनी वर्षानुवर्षे जमविलेले नगरांचे नकाशे व चित्रे मागाहून दुसऱ्या जहाजाने यावयाची होती. ते जहाज एम्डेन ह्या जर्मन युद्धनौकेने वाटेतच बुडविले. दुसरा एखादा खचून गेला असता. गेडिस ह्यांनी मित्रांकडून नवी चित्रे मागविली व १९१५ च्या आरंभी मद्रासेस प्रदर्शन भरविले.

येथील शहरांत त्या काळी सुधारणेचा अर्थ एकच होता. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढावयाची, आणि रेघेत येतील ती घरे पाडावयाची. प्लेग हटविण्याचाही तोच उपाय समजला जाई. घरे पडलेली माणसे शेजारच्या आळीत जाऊन दाटी करीत, आणि रोग त्यांच्या मागोमाग तेथे जाई, इकडे कोणाचे लक्ष नसे. गेडिस पहाटे उठून, कोरा नकाशा हाती घेऊन, बोळाबोळांतून चालत. विहीर कोठे, पार कोठे, बायका पाणी कोठून आणतात, कोणते घर पडीक, कोणत्या भिंतीत अजून जीव आहे, हे सर्व ते टिपून घेत. मग दोनचार पडीक घरे काढून तेथे लहानसा चौक करावा, त्यात झाड लावावे, बोळ तेवढाच रुंद करावा, असा ते सल्ला देत. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही व बोटाच्या दुखण्यासाठी हात कापीत नाही, तशी ही रीत होती. तंजावर येथील एका भागासाठी त्यांनी केलेली अशी योजना आधीच्या पाडापाडीच्या योजनेहून पुष्कळ स्वस्त होती. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्यासही त्यांचा विरोध असे. डासांची अंडी-अळ्या खाणारे मासे सोडा व तलाव राखा, असे त्यांचे म्हणणे होते.

१९१७ हे वर्ष त्यांस फार कठीण गेले. वडील मुलगा अलास्डेअर एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. त्या वेळी ॲनाबाई हिंदुस्थानातच आजारी होत्या. पत्नीस धक्का सोसवणार नाही म्हणून गेडिस ह्यांनी ती वार्ता स्वतःच्या मनात दाबून ठेवली. जूनमध्ये कलकत्त्यास ॲनाबाई निवर्तल्या. मुलगा गेल्याचे त्यांस शेवटपर्यंत कळले नाही.

ह्यानंतरचे त्यांचे मोठे काम होळकरांच्या इंदुरातले. तेथे प्लेग व हिवताप दोन्ही होते. नकाशा घेऊन हिंडणाऱ्या ह्या दाढीवाल्या म्हाताऱ्या साहेबास पाहून लोक दचकत, कारण साहेब आला म्हणजे घरे पडावयाची, असा त्यांचा अनुभव. गेडिस ह्यांनी तेव्हा महाराजांकडे एका दिवसापुरते राज्य मागितले, असे सांगतात. दिवाळीची मिरवणूक ह्या वर्षी नेहमीच्या वाटेने न जाता, जेथील लोक आपली घरे व दारे सर्वांत स्वच्छ करतील त्या रस्त्याने जाईल, असा पुकारा झाला. मग काय विचारता! गल्लोगल्ली केर निघू लागला, भिंती रंगू लागल्या. मिरवणुकीत हत्तीघोडे होतेच. पण त्यांच्यामागे घाणीचा राक्षस व प्लेगचा भला थोरला उंदीर होता, आणि त्यांच्या पाठीशी शुभ्र नव्या वस्त्रांतले झाडूवाले आपल्या रंगविलेल्या गाड्यांसह मानाने चालले होते. शेवटी घरोघर लावण्यास तुळशीची रोपे वाटली. रात्री राक्षस व उंदीर जाळण्यात आले. पुढे प्लेग ओसरला. त्यात स्वच्छतेचा वाटा किती व ऋतू पालटल्याचा किती, हे ठरविणे कठीण आहे. पण साहेबास पाहून लोक दचकेनासे झाले, हे मात्र खरे. इंदूरवरील त्यांचा अहवाल १९१८ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्यांची शाखा उघडून गेडिस ह्यांस पहिले प्राध्यापक नेमिले. अध्यापक ह्या नात्याने ते सोपे नव्हते. बोलणे दाढीतल्या दाढीत, विषयांतरे फार, आणि लिहिणे त्याहून दुर्बोध. त्यांच्या कित्येक अहवालांस कचेऱ्यांत धूळ खात पडावे लागले, त्यास हा दोषही काही अंशी कारण झाला असावा. तथापि मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांचा गुण ह्याच गृहस्थांनी ओळखला व त्यांस विलायतेस जाण्याचा मार्ग करून दिला. १९२४ साली घुर्ये ह्यांनी मुंबईस त्या शाखेची धुरा उचलली.

त्याच वर्षी प्रकृती ढासळल्यामुळे गेडिस ह्यांनी हिंदुस्थान सोडला. १९२५ साली त्यांनी पॅलेस्टाइनमधील तेल अवीव ह्या नव्या शहराची आखणी केली. फ्रान्सच्या दक्षिणेस माँपेल्ये येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधून ते तेथेच राहिले. पूर्वी नाकारलेली सर ही पदवी १९३२ साली त्यांनी स्वीकारली, त्यासाठी ऐन थंडीत लंडनास गेले, आणि तेथून परतल्यावर ता. १७ एप्रिल रोजी माँपेल्ये येथेच त्यांचे देहावसान झाले.