डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव : ज्ञानासाठी झिजलेले आयुष्य

दहावी-बारावीचा निकाल लागला की वसतिगृहात दोन प्रकारची शांतता पसरते. एक समाधानाची आणि दुसरी, अंथरुणात तोंड लपवून बसलेल्या मुलाची. या दुसऱ्या मुलासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी आम्ही या स्मरणिकेत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे चरित्र सादर करीत आहोत. ज्यांच्या संशोधनामुळे रक्ताच्या कर्करोगावरील औषधोपचाराची वाट प्रथम उघडली, ते सुब्बाराव मॅट्रिकच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते.

12 जानेवारी 1895 रोजी आंध्रातील भीमवरम येथे त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची होती आणि पितृछत्रही लवकर हरपले. आईने अंगावरचे दागिने विकून मुलाचे शिक्षण चालू ठेवले. तिसऱ्या प्रयत्नात मॅट्रिक होऊन ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात व पुढे वैद्यकीय महाविद्यालयात गेले. त्याच काळात स्प्रू या पचनसंस्थेच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दगावले. औषध नाही म्हणून माणूस डोळ्यांदेखत जातो, हे दुःख त्यांच्या मनात कायमचे रुतले.

गांधीजींच्या आवाहनानुसार त्यांनी खादी वापरण्यास प्रारंभ केला. शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा झगा घालून गेल्याने इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एम.बी.बी.एस. ऐवजी त्यांना एल.एम.एस. ही दुय्यम पदवी मिळाली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार बंद झाले. काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविले. सासरे आणि एका धर्मादाय संस्थेच्या साहाय्याने 1923 मध्ये ते अमेरिकेतील बॉस्टनला पोहोचले. पत्नी शेषगिरी मायदेशीच राहिल्या. त्या दोघांची पुन्हा भेट झाली नाही. मागे जन्मलेला मुलगाही बालपणीच वारला. ज्ञानाची ही किंमत केवळ सुब्बारावांनी चुकती केली असे आम्हांस म्हणवत नाही. शेषगिरींचा वाटा त्यात मोठा आहे.

हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना पोटासाठी ते रुग्णालयात रात्री मलमूत्राची भांडी धूत. दिवसा प्रयोगशाळा, रात्री हे काम. सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी रक्त व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. 1925 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांनी स्वीकारली. 1927 मध्ये त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा आणि 1929 मध्ये पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या ए.टी.पी. या द्रव्याचा शोध जगापुढे मांडला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही हेच द्रव्य वेगळे केले होते. 1930 मध्ये सुब्बाराव पीएच.डी. झाले. एवढे होऊनही हार्वर्डने त्यांना कायमचे प्राध्यापकपद दिले नाही. 1940 मध्ये ते न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथे लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

येथून पुढची कथा आपल्या मुंबईशीही जोडलेली आहे. 1930 च्या सुमारास लुसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टरांनी मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टमधील एका अज्ञात घटकाने तो बरा होतो, असे त्यांना आढळले. तो घटक म्हणजे फोलेट. सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत सिद्ध केली. भावांचा बळी घेणाऱ्या स्प्रूवरही हे द्रव्य उपयोगी पडले.

बॉस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक आम्लाची संयुगे देऊन पाहिली. अनुभव उलटा आला; रोग अधिकच वेगाने वाढतो असे दिसले. त्यातूनच नवा विचार पुढे आला. नव्या पेशी घडण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. बेसुमार वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना ते सर्वाधिक लागणार. मग हुबेहूब त्यासारखे दिसणारे, परंतु त्याचे कार्य अडविणारे द्रव्य दिले तर? सुब्बारावांच्या चमूने अशी द्रव्ये तयार केली. अमिनोप्टेरिन हे त्यांतील एक. मेथोट्रेक्सेट हे दुसरे. रोगाच्या नेमक्या गरजेवर घाव घालण्याची ही दृष्टी पुढील लक्ष्यवेधी औषधांची पूर्वसूरी ठरली.

जून 1948 मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीव्र ल्युकेमियाच्या 16 मुलांपैकी 10 मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती. रोग पुन्हा उलटला. परंतु ज्या आजारात आठवड्यांची मोजदाद होई, त्यात औषधाने मुले उठून बसली, हे जगाने प्रथमच पाहिले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 1948 मध्ये, झोपेतच सुब्बारावांचे निधन झाले. वय अवघे 53. हत्तीरोगावरील हेट्राझान आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक ही त्यांच्याच प्रयोगशाळेची देणगी. स्वतःचे नाव पुढे करणे मात्र त्यांना कधी जमले नाही.

आज अनेक औषधे एकत्र वापरून, चांगल्या उपचारांच्या सोयी असलेल्या देशांत, लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या तीव्र ल्युकेमियाची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. त्या औषधांत मेथोट्रेक्सेट अजूनही आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे संशोधनाच्या वाटेवर आहेत, त्यांना रखडलेल्या प्रयोगाचे आणि नाकारलेल्या पदाचे दुःख ठाऊक असेल. पालकांना एवढीच विनंती, की मुलाच्या हाती नापासाची गुणपत्रिका आली, तर त्या रात्री त्याला जवळ बसवून हे चरित्र वाचून दाखवावे. सुब्बारावांच्या आईने तिसऱ्या खेपेस परीक्षेला बसविले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते.