स्तनकर्करोगाच्या मुळाचा शोध : डॉ. कमल रणदिवे

रायपूर : ऑक्टोबर महिना जगभर स्तनकर्करोग जागृतीसाठी पाळला जातो. तो सरतो न सरतो तोच, ८ नोव्हेंबर रोजी, या रोगाच्या मुळाचा शोध घेण्यात उमेदीची वर्षे वेचणाऱ्या मराठी शास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांची जयंती येते. छत्तीसगडमधून कर्करोगाचे रुग्ण पिढ्यानपिढ्या हावडा-मुंबई मार्गावरील गाड्यांनी परळला उपचारासाठी जात आले आहेत. रायपूरमध्ये आज प्रादेशिक कर्करोग केंद्र आणि एम्स असूनही ही वाट पूर्णपणे थांबलेली नाही. परळच्या त्याच परिसरात डॉ. रणदिवे यांचे संशोधन आकाराला आले.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते आणि मुलामुलींना सारखेच शिक्षण मिळावे याबाबत ते आग्रही होते. कमल यांनी डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा अशी वडिलांची इच्छा होती. यातली एकही गोष्ट घडली नाही. हुजूरपागेतील शालेय शिक्षणानंतर त्यांनी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर प्रबंध लिहून १९४३ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. तत्पूर्वी १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता आणि त्या मुंबईत आल्या होत्या. पत्नीच्या उच्च शिक्षणाला पतीने मनापासून साथ दिली. त्या काळात ही बाब सर्रास आढळणारी नव्हती, म्हणून तिची नोंद घ्यावीशी वाटते.

मुंबईत १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळे कर्करोग का आढळतात, हा खानोलकरांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. मुंबईतील पारशी स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक, तर हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांच्या पाहणीतून दिसून आले होते. शहर एकच, हवापाणी एकच, मात्र रोगाची तऱ्हा निराळी. लग्नाचे वय, अपत्यांची संख्या, स्तनपान, आनुवंशिकता यांपैकी नेमके काय कारणीभूत असावे, हे केवळ आकड्यांवरून सांगता येत नव्हते. हा प्रश्न प्रयोगशाळेच्या टेबलावर आणण्याचे काम कमल रणदिवे यांनी केले.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजेच शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढविण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केले. १९५१ मध्ये ‘हेला’ ही जगप्रसिद्ध पेशीमालिका याच प्रयोगशाळेत तयार झाली. त्या काळी परदेशात शिकलेल्या अनेकांनी तिथेच राहणे पसंत केले. रणदिवे मात्र परतल्या. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशींना लागणारी पोषक माध्यमे आणि रसायनेही त्यांनी सहकाऱ्यांसमवेत संस्थेतच विकसित केली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारी त्यांनी प्रभारी म्हणून सांभाळली. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र या शाखांचे संशोधन विभाग त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

स्तनकर्करोगावरील त्यांचे मुख्य काम उंदरांवर झाले. उंदरांच्या काही जातींत हा रोग आईच्या दुधातील विषाणूमार्फत पिलांपर्यंत पोहोचतो, हे १९३६ पासून ज्ञात होते. परंतु विषाणू असूनही प्रत्येक मादीला रोग होत नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध रणदिवे यांनी वर्षानुवर्षे तपासला. स्तनकर्करोग एका कारणाने होत नसून अनेक कारणांच्या मिलाफातून उद्भवतो, ही आज रूढ असलेली समजूत घडविण्यात अशा कामाचा वाटा आहे. माणसातही असा विषाणू असेल का, या शोधात पुढे १९७१ मध्ये अमेरिकी आणि मुंबईच्या शास्त्रज्ञांनी पारशी स्त्रियांच्या दुधाचीही तपासणी केली. मात्र मानवी स्तनकर्करोग विषाणूमुळे होतो, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. कुष्ठरोगाच्या जीवाणूंवरही रणदिवे यांनी संशोधन केले आणि पुढे विकसित झालेल्या लसीला त्याचा आधार मिळाला.

खानोलकरांनी एका शहरात पाहिलेली तफावत आज जगाच्या नकाशावर दिसते. येथे भाषांतरकार म्हणून एक खुलासा करणे आवश्यक वाटते. बातम्यांत रोगाचे प्रमाण आणि मृत्युदर हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यामुळे अर्थाचा अनर्थ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, अतिविकसित देशांत १२ पैकी एका स्त्रीला आयुष्यात कधीतरी स्तनकर्करोगाचे निदान होते, मात्र त्याने मृत्यू ७१ पैकी एकीचा होतो. अल्पविकसित देशांत निदान २७ पैकी एकीला होते आणि मृत्यू मात्र ४८ पैकी एकीचा. श्रीमंत देशांत १९८० च्या दशकापासून २०२० पर्यंत वयानुरूप मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी घटला. भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची आणि सुमारे ९८ हजार मृत्यूंची नोंद अंदाजली गेली, म्हणजे दर दोन निदानांमागे एक मृत्यू. गाठ उशिरा लक्षात येणे आणि उपचार अर्धवट सुटणे ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत. उंदरांवरील कोणतेही संशोधन ही दोन कारणे दूर करू शकत नव्हते.

प्रयोगशाळेबाहेरच्या या प्रश्नांकडेही रणदिवे वळल्या. १९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. वाशी येथील या संघटनेने वसतिगृह आणि पाळणाघरही चालविले, कारण संशोधन करणाऱ्या स्त्रीची अडचण अनेकदा विषयाची नसून घरची असते. निवृत्तीनंतर त्यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्यविषयक माहिती देण्याचे काम हाती घेतले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये मुंबईतील वस्त्यांत दीड लाखांहून अधिक स्त्रियांची पाहणी सुरू केली होती. त्यांपैकी निम्म्या गटातील स्त्रियांची आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केवळ हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मृत्युदरात लक्षणीय फरक दिसला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मात्र स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले.