मालगुंडचे केशवसुत

संगमेश्वराजवळून वाहणारी शास्त्री नदी जयगडापाशी समुद्रास मिळते. तेथून दक्षिणेस थोड्या अंतरावर मालगुंड हे गाव आहे. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ साली येथे झाला. केशवाचे पुत्र, म्हणून त्यांनी कवितेसाठी 'केशवसुत' हे नाव घेतले.

ते पेशाने शिक्षक, आणि स्वभावाने मोठे संकोची. त्यांचे छायाचित्रदेखील आज उपलब्ध नाही. १८९८ पासून काही वर्षे ते खानदेशात फैजपूरच्या शाळेत होते. पुण्या-मुंबईची साहित्यिक मंडळी तेथून किती दूर! मग त्यांची कविता रसिकांपर्यंत पोचली कशी? नियतकालिकांमुळे. जळगावी नारायण नरसिंह फडणीस 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेस वाहिलेले मासिक चालवीत. पुण्यास हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' निघे. त्यांतून केशवसुतांच्या कविता गावोगावी वाचल्या जात, आणि तरुण कवींस त्या नवी वाट दाखवीत.

हयातीत त्यांचे पुस्तक मात्र निघाले नाही. १९०५ साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला; थोड्याच दिवसांत पत्नीही गेली. कविता जुन्या अंकांत विखुरलेल्या; त्या नाहीशा व्हावयास कितीसा वेळ लागला असता? परंतु हरिभाऊ आपल्या कवीस विसरले नाहीत. त्यांनी त्या कविता एकत्र करून १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या.